गाण्याचा अंतिम हप्ता



शिरूर आणि दौंड तालुक्यांत आपल्यापैकी पुष्कळांच्या शेतात ऊस आहे. ऊस कारखान्याला गेला की पहिली उचल मिळते. पण साखर विकली गेल्यावर आपण अंतिम हप्ता किती, हे विचारतोच. आपल्या मालातून पुढे पैसा झाला, तर त्यात आपला वाटा हवा, ही मागणी रास्त आहे.

चित्रपटासाठी गाणी लिहिणाऱ्यांना हा पुढचा हप्ता मागण्याचा हक्क फार वर्षे नव्हता. वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. त्यानुसार चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे रेडिओवर, टीव्हीवर किंवा मोबाइलवर, गाण्याचा वापर झाला की रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा निम्मा वाटा असतो. हा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. 'पिंजरा'ची गाणी लिहिणारे जगदीश खेबूडकर मे २०११ मध्ये निवर्तले. कायदा बदलला तो पुढच्या वर्षी.

कोणी म्हणेल, सही केली, पैसे घेतले, मग पुन्हा मागायचे कशाला? गवंडी घर बांधून देतो, भाडे मागत नाही. चित्रपट पडला तर तोटा निर्मात्याचा. गीतकार आपले मानधन परत करत नाही. हे म्हणणे पोकळ नाही. म्हणूनच कायद्याने सगळा नव्हे, निम्मा वाटा दिला आणि चित्रपटगृहातील कमाई निर्मात्याकडेच ठेवली. पण घर एकदाच बांधले जाते. गाणे मात्र पुन्हा पुन्हा विकले जाते. आणि गरजेपोटी केलेली सही ही खरी संमती असते का? आपल्या फडात कोपी घालून राहणारी ऊसतोड कुटुंबे उचल घेऊनच येतात. त्यांना भाव ठरवताना किती बोलता येते, हे आपण जाणतो.

आता आपल्याकडे पाहू या. लग्नाच्या वरातीत गाणे वाजवायला कायद्यानेच मुभा आहे. त्यात अपराध नाही. पण चोरून उतरवलेला चित्रपट आपण मोबाइलवर एकमेकांना पाठवतो, तेव्हा कोणाचा हप्ता बुडतो? निर्माता श्रीमंत आहे, असे म्हणून आपण मनाची समजूत घालतो. त्याच्यामागे उभा असलेला गीतकार आपल्याला दिसत नाही.

काट्यावर आपला ऊस एक किलोनेही कमी भरू नये, म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. दुसऱ्याच्या घामाचे मापही तितक्याच काळजीने करू या.