दुसऱ्या आवडीची दहा मिनिटं

संक्रांतीच्या तोंडावर सोलापूरच्या बाजारात सुगडं मांडलेली असतात. बरीचशी साधीच. पण एखाद्या मावशींच्या ढिगातल्या सुगडांच्या गळ्याशी पांढरे ठिपके आणि एक नागमोडी रेघ दिसते. त्याचे जादा पैसे कुणी देत नाही. गिऱ्हाईक नसलं की त्या ब्रश हातात घेतात, एवढंच. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी जिचं लग्न लागतं, ती कुंभारकन्याही त्यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी घालायची, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मातीच्या घरातल्या लेकीला रेघांचीही ओढ होती.

जपानमधले कुंभार ओगाता केन्झान असेच. १६६३ साली क्योतोत जन्मले. घरचा व्यापार कापडाचा, त्यामुळे सोलापूरकराला ते घर ओळखीचं वाटेल. थोरले भाऊ कोरिन नामांकित चित्रकार. धाकट्यानं माती धरली आणि १६९९ मध्ये शहराच्या कडेला, नारुताकीला, स्वतःची भट्टी लावली. केन्झान थाळ्या घडवत, कोरिन त्यांवर चित्र काढत आणि शेजारी केन्झान आपल्या वळणदार अक्षरात ओळी लिहीत. त्यातल्या एका चौकोनी थाळीवर पाण्यावरचे पक्षी बघत बसलेला एक कवी आहे. पांढऱ्या अंगावर नुसता काळा रंग. असा रंग माती लगेच पिऊन टाकते, मग काढलेली रेघ पुसता येत नाही. हात न थांबवता काढावी लागते.

१७१६ मध्ये कोरिन गेले. चित्र काढणारा गेला, आता आपण मातीपुरतं बघावं, असं केन्झान म्हणाले नाहीत. सत्तरीच्या उंबरठ्यावर ते एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, राहायला गेले. तिथं भांडी घडवत राहिले आणि चित्रंही काढत राहिले. काही चित्रांवर त्यांनी सहीसोबत आपलं वय लिहिलंय: ८१. जपानी रीतीनं मोजलेलं हे वय, आणि १७४३ मध्ये ते वारले. म्हणजे ती चित्रं अगदी शेवटची. भावाची सफाई त्यांच्या हातात नाही. रेघ जाडसर आहे, भोळी आहे. मला तीच जास्त जवळची वाटते.

आपल्या घरातही असं दुसऱ्या आवडीचं काहीतरी फडताळात पडलेलं असतं. कुणाची पेटी, कुणाची चित्रांची वही, कुणाचं अर्धवट राहिलेलं भरतकाम. ‘आता कुठला वेळ’ म्हणत आपण दार लावून घेतो. नोकरी सोडायची नाही, कुणाला दाखवायचंही नाही. रोजची दहा मिनिटं पुरतात. आज कामावरून आलात की ते बाहेर काढा, धूळ पुसा आणि जमतंय का याची चौकशी न करता सुरुवात करा.