तटाच्या मोऱ्या

सोसायटीतल्या पोरांनी दिवाळीला राजगड करायचं ठरवलं. २०२५ मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत राजगड आहे, त्यामुळे कोणता गड करायचा यावर वाद झालाच नाही. माप नववीतल्या दादानं ठरवलं, एकास शंभर. सात मीटरचा तट सात सेंटिमीटर आणि माणूस जेमतेम पावणेदोन. बाजारातले मातीचे मावळे या मापात बुरुजाहून उंच होतात, म्हणून त्यानं ते पेटीतच ठेवायला लावले आणि कागदाचे इवले मावळे कापून घेतले. फार योग्य केलं. मापाशी इमान राखलं नाही तर प्रतिकृती करण्यात अर्थ नाही.

रस्त्याकडची पद्मावती माची दादानं स्वतःकडे घेतली. मागची, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड केलेली संजीवनी धाकट्या बहिणीला दिली. संजीवनीचा तट चिलखती, म्हणजे दुहेरी. काम दुप्पट, आणि ते बघायला कोणी वळून जाणारही नाही.

दादानं साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून तटाच्या पट्ट्या काढल्या, काळपट रंग मारला आणि एका संध्याकाळीत तट उभा केला. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक पट्टीत डावीकडून तिसऱ्या दगडाला तीच चीर दिसायची, पण लांबून तट देखणा होता.

धाकटीनं कोपऱ्यावरच्या बांधकामावर विचारून डबाभर कच आणली. क्रशरवर खडी फोडताना पडणारा हा बारीक चुरा काळ्या बेसॉल्टचाच, राजगडाच्या तटाचा दगडही तोच. तिनं ती गव्हाच्या चाळणीनं चाळली आणि मोठे दाणे खालच्या थरांना, बारीक वरच्यांना असे वेगळे केले. मग शाडूचा पातळ गारा घेऊन चिमट्यानं एकेक दगड बसवायला लागली.

वॉचमनकाकांचे वडील तिथं उन्हाला बसत. उभा जन्म गवंडीकामात गेलेला. त्यांनी काठीच्या टोकानं एक जागा दाखवली.

“पोरी, हितं सांध्यावर सांधा आलाय. वरून खालपर्यंत चीर जाईल. दोन दगडांच्या सांध्यावर तिसऱ्याचं पोट आलं पायजे.”

तिनं तेवढा भाग उतरवून पुन्हा रचला. मग आजोबांनी तिला भिंतीला सलामी द्यायला शिकवली, म्हणजे वर जाताना तट मातीच्या अंगाला किंचित कलता ठेवायचा. आणि शेवटी म्हणाले, “आता मोऱ्या ठेव.”

“एवढी भिंत बुजवत आणली आणि आता भोकं कशाला, आजोबा?”

“भिंत माती अडवायला असती, पाणी अडवायला नसती. माती एका जागी बसून ऱ्हाती. कोंडलेलं पाणी बसत नाही, ते रेटतं. म्हणून त्याला वाट द्यायची. खऱ्या गडाच्या तटालाबी मोऱ्या असत्यात.”

तिनं खालच्या थरात काडीएवढ्या मोऱ्या ठेवल्या आणि तटामागे मातीआधी जाड कचेचा थर भरला. मग धावत दादाकडे गेली. “दादा, पुढच्या तटाला पण मोऱ्या ठेवू या ना.”

“भोकं पाडली की लोक म्हणतील भिंत फुटलीय. तू तुझं मागचं बघ.”

गडावर हळीव आणि मोहरी पेरली होती. ती उगवावी म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं जाई. दोन दिवसांनी धाकटी पुन्हा गेली. पुढची माती बोट घातलं तर चिखल लागतेय, असं तिनं सांगितलं. दादा चिडला. सगळ्यांसमोर म्हणाला, “किल्ला कोण करतंय, मी की तू?” त्यानंतर ती बोलली नाही. बाकीच्या पोरांनाही ती ओल दिसत होती, पण तीही गप्प बसली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पुढच्या तटाला पोट आलं होतं. दुपारी मधली पट्टी अखंडच्या अखंड पुढे कोसळली आणि तिच्यामागून हिरव्या हळिवासकट चिखल रस्त्यापर्यंत आला. मागे संजीवनीच्या मोऱ्यांतून पाणी पाझरत होतं. तट जागचा हलला नव्हता.

दादा बराच वेळ उकिडवा बसून होता. आजोबा काठी टेकत आले.

“माती भिजलीय, हे कुणी सांगितलं न्हवतं का तुला?”

“सांगितलं होतं. दोनदा.”

“मग?”

“मी तिला गप्प बसवलं.”

आजोबा त्याला रागावले नाहीत. खाली बसून त्यांनी पडलेली पट्टी उचलली आणि तिची मागची बाजू त्याच्यापुढे धरली. ती पार भिजून मऊ पडली होती. “बाहेरनं अजून नवी दिसतीय बघ,” एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी घरोघरी पूजा आटोपल्यावर सगळी पोरं पुन्हा खाली जमली. प्लास्टरच्या उरलेल्या पट्ट्या दादानं स्वतः काढल्या आणि कच चाळायला बसला. तट भाऊबीजेपर्यंत पुरा झाला. त्याला सहा मोऱ्या आहेत, आणि त्या कुठं ठेवायच्या हे धाकटीनं ठरवलं.