सोडून द्यायचा, तर धरायचा कशाला?

आमच्या सहा जणांच्या ग्रुपवर दोन महिने एकच प्लॅन शिजतोय. होळीला काठीला जायचं, रात्रभर होळी बघायची, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच खाली नर्मदेच्या काठाला उतरून चार दिवस मासे धरत बसायचं. मी मूळचा तळोद्याचा. पुण्यात ‘तू तिकडचाच ना’ एवढ्या भांडवलावर सगळी आखणी माझ्याकडे आली.

आखणी तशी सोपी आहे. सुरत-भुसावळ मार्गावरचं नंदुरबार स्टेशन, तिथून अक्कलकुवा, मग देवगोई घाट चढून मोलगीच्या बाजूला काठी. सातपुड्यातलं हे गाव एकेकाळी मेहवासी संस्थानाचं ठिकाण होतं. तिथल्या राजवाडी होळीचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील: उंच बांबू, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप, रात्रभर ढोल, आणि पहाटे पेटणारी होळी. पुढचा रस्ता डोंगर उतरत मणिबेली, चिमलखेडीच्या बाजूला नदीवर जातो. नदी म्हणायची सवय आहे म्हणून नदी. आता ते सरदार सरोवराचं फुगलेलं पाणी आहे.

सामानाची यादी माझ्याआधीच तयार होती. रॉड, रील, पन्नास प्रकारची खोटी आमिषं, उलटा काटा घासून काढलेले गळ, मासा मोजायची पट्टी, वॉटरप्रूफ कॅमेरा. आणि यादीच्या वर ठळक अक्षरांत एक नियम: ‘फक्त कॅच अँड रिलीज’. मासा धरायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. एकही जीव मारायचा नाही. ग्रुपमधले दोघं शाकाहारी आहेत, त्यांचीही काही हरकत नव्हती.

मग मी बोटीसाठी फोन लावला. कॉलेजातल्या मित्राचे काका तिकडे मासेमारी करतात. त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “सोडून द्यायचा? मग धरायचा कशाला, भाऊ?”

मी म्हटलं, “काका, मजा म्हणून. खेळ असतो तो.”

“कोणाचा?” त्यांनी विचारलं, आणि लगेच डिझेलचे पैसे वेगळे द्याल ना, यावर आले.

हे मुद्दाम सांगतोय. शहरातल्या लेखांत आदिवासी माणूस एक गूढ वाक्य बोलतो आणि लेखक अंतर्मुख होतो, अशी एक पद्धत पडली आहे. काकांना मला अंतर्मुख करायचं नव्हतं, त्यांना खरंच कळलं नव्हतं. आणि मी त्यांना समजावायला गेलो तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही.

आपल्याला वाटतं ते असं: मारणं वाईट, सोडणं चांगलं. म्हणून खाण्यासाठी मासा मारणाऱ्यापेक्षा धरून सोडणारा वरच्या पायरीवर. ही पायरी मला पटत नाही.

आधी माशाच्या बाजूनं बघू. माशाला वेदना होतात का, हा वाद जुना आहे. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टोचून पाहिलं. ते मासे डोलू लागले, काहींनी ओठ टाकीच्या तळाशी घासले, आणि खाण्याकडे परत यायला त्यांना जास्त वेळ लागला. माशाच्या मेंदूत वेदना ‘जाणवण्याची’ सोयच नाही, असं म्हणणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. पण शंका इतकी जड असताना निव्वळ गंमत हे कारण तिच्यासमोर हलकं पडतं. भूक हे कारण तसं हलकं पडत नाही.

जर्मनीचा १९७२ चा प्राणिसंरक्षण कायदा हेच विचारतो: प्राण्याला इजा करायला तुमच्याकडे रास्त कारण आहे का? जेवण हे तिथे रास्त कारण धरलं जातं, निव्वळ मौज धरली जात नाही. स्वित्झर्लंडनं २००८ च्या नियमावलीत आणखी स्पष्ट केलं: सोडून देण्याच्याच इराद्यानं गळ टाकायचा नाही. आपण ज्याला दया म्हणतो, त्यावर तिथे बंदी आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं. पण विचार करा. भुकेसाठी मासा धरणारा पोट भरलं की थांबतो. घरात जेवढी तोंडं, तेवढे मासे. धरून सोडणाऱ्याला थांबायला कारणच नाही. एका दिवसात तीस मासे ओढून काढले तरी हिशेब शून्यच दाखवतो, कारण मेलं कुणी नाही. खरं तर दमलेला, हवेत जास्त वेळ धरलेला मासा नंतर मरू शकतो, फक्त आपल्याला तो दिसत नाही. हात स्वच्छ राहतात ते एवढ्याच अर्थानं.

स्पॅनिश विचारवंत ओर्तेगा इ गासेत यानं १९४२ साली शिकारीवर दीर्घ निबंध लिहिला. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन शिकारीला जाणारे त्याला पसंत नव्हते. शिकार नको असेल तर करू नका, पण तिचा थरार ठेवून तिची जबाबदारी काढून टाकू नका, असा त्याचा रोख होता. शिकारीबद्दलचं त्याचं प्रेम मला झेपत नाही. हा मुद्दा मात्र झेपतो.

उलट बाजूही आहे, आणि ती कच्ची नाही. गळवाल्या लोकांनी नद्यांचं भलं केलेलं आहे. कावेरीवर वर्षानुवर्षं महाशीर धरून सोडणाऱ्यांनी आपल्या नोंदी जपून ठेवल्या. त्या नोंदींवरूनच पुढे अभ्यासकांना दाखवता आलं की तिथला मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर झपाट्यानं कमी होतोय. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच्या ऱ्हासामागे दुसऱ्या जातीच्या महाशीराचाही हात असल्याचं अभ्यासक सांगतात, आणि त्या दुसऱ्या जातीची पिल्लं आली होती आपल्या लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातून. ती कावेरीत सोडली होती चांगल्याच हेतूनं. म्हणजे गळवाल्यांच्या वह्या उपयोगी पडल्या हे खरं, आणि ‘सोडणं’ ही कृती आपोआप पवित्र होत नाही हेही खरं.

पण कावेरीच्या उदाहरणानं माझा प्रश्न सुटत नाही. आम्ही सहा जण चार दिवसांत नर्मदेवर कुठला अभ्यास करणार होतो? आमची पट्टी रीलसाठी होती. इन्स्टाग्रामवरच्या.

आणि प्रश्न फक्त माशाचा नाहीच. प्लॅनमध्ये एक शब्द सारखा येत होता, ‘रिमोट’. रेंज नाही, गर्दी नाही, माणूस नाही, अस्सल जंगल. परिक्रमेवरची पुस्तकं वाचलेल्यांना हाच भाग ‘शूलपाणीची झाडी’ म्हणून माहीत असतो: भिल्ल अडवतात, लुटतात, इथून जीव मुठीत धरून जायचं. यात्रेकरूंना झाडी, आम्हाला रिमोट. ज्यांची घरं तिथे आहेत त्यांच्या दृष्टीनं दूर काय असेल, तर पुणे.

शिकारीची ही नजर या भागात जुनी आहे. १८२५ मध्ये जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी भिल्लांची पलटण उभारायला खानदेशात आला. त्यानं भिल्लांचा विश्वास मिळवला तो बराचसा त्यांच्याबरोबर वाघाची शिकार करून. दहा वर्षांत जवळपास दोनशे वाघ मारले गेले त्या शिकारींत तो हजर होता, अशी त्याच्या चरित्रात नोंद आहे. त्याचं नाव शूर शिकारी म्हणून राहिलं. जंगल दाखवणाऱ्या आणि हाका उठवणाऱ्या भिल्लांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी पोटासाठी ससा मारला की त्याला नाव पडलं चोरटी शिकार.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं साहेबी शिकारही संपवली, आणि ते योग्यच झालं. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींचे हक्क मान्य करताना एक बारीक रेघ ओढली. पाणवठ्यांतले मासे हा त्यांच्या सामूहिक हक्कांत धरला, पारंपरिक शिकार मात्र हक्कांतून वगळली. ससा नाही, मासा चालेल. मला ही रेघ वाचताना नेहमी वाटतं, एवढं काटेकोर मोजून ज्यांना मासा दिला गेला, त्यांच्या पाण्यावर आम्ही सहा जण ‘खेळायला’ निघालो आहोत.

‘त्यांच्या पाण्यावर’ हे शब्दशः घ्या. सरदार सरोवरानं महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यातलं अगदी पहिलं. तिथलं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्याखाली गेलं. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं. ज्या शांत, हिरव्या पाण्यावर आमची बोट थांबणार होती, त्याच्या तळाशी कुणाची तरी शेतं आहेत. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातले काही आता त्याच जमिनीच्या वर जाळी टाकतात.

हे पाणी कुणाचं, हा प्रश्न मी उकरून काढलेला नाही. नर्मदेच्याच खोऱ्यात, मध्य प्रदेशात, तवा धरणाच्या विस्थापितांनी तो लढवला आहे. १९९६ मध्ये त्यांच्या सहकारी संस्थांच्या तवा मत्स्य संघाला जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळाला. ज्यांची जमीन बुडाली, मासे त्यांचे, इतकं साधं म्हणणं होतं. दहा वर्षं त्यांनी तो कारभार चालवला, आणि २००६ मध्ये करार संपल्यावर पुन्हा भांडणं सुरू झाली.

आमच्या एका मित्राचं यावर उत्तर तयार होतं: “आपण तर एकही मासा नेणार नाही. त्यांचं काय नुकसान?” मलाही हे बिनतोड वाटलं असतं, पण फोनवर काकांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, तिकडे पाण्यात रात्रभर जाळी लावलेली असतात, गळ अडकून ओढला की जाळं फाटतं, आणि ते नीट करायला दिवस जातो. दुसरी सांगताना ते हसले. “तुम्ही सोडलेला मासा आमच्या जाळ्यात येईलच की. तुम्ही फोटो काढा, आम्ही विकू.”

म्हणजे सोडलेला मासा सुटतच नव्हता. त्याला फक्त दोनदा धरलं जाणार होतं, एकदा गंमत म्हणून आणि एकदा पोटासाठी. दोघांपैकी आपण सभ्य, असं आम्ही समजत होतो.

‘मग खाल्लं की सगळं माफ का?’ असं कुणी विचारेल. नाही. मी मासे खातो, पण माझ्या ताटातल्या प्रत्येक बोंबलाचं समर्थन मला देता येणार नाही. शाकाहारी माणसानं इथे येऊन दोन्ही बाजूंना नावं ठेवली तर तो त्याचा हक्क आहे. पण खाणाऱ्याला निदान एक बिल भरावं लागतं. त्यानं मारलेलं असतं, आणि ते त्याला माहीत असतं. आमच्या नियमात ते बिलच फाडून टाकायची सोय होती.

परवा मी ग्रुपवर नवी आखणी टाकली. होळी आहे तशीच, फक्त तिथे कॅमेरे खिशात, कारण बुध्या झालेली माणसं त्यासाठी काही दिवस कडक नियम पाळून आलेली असतात, आपल्या रीलसाठी नाही. नदीवर चारऐवजी दोन दिवस. काका जिथे आणि जेव्हा म्हणतील तिथे जायचं, त्यांच्या दिवसाची मजुरी आणि डिझेल द्यायचं. रॉड एकच, जाळ्यांपासून लांब. जे लागेल ते त्याच रात्री शिजवून खायचं, आणि पुरेसं झालं की गळ गुंडाळायचा. काही लागलं नाही तर काकांकडून विकत घ्यायचे मासे, बाजारभावानं.

एक आडवा प्रश्न लगेच आला, आणि चांगला आला: “महाशीर लागला तर? तोही खायचा?” मध्य प्रदेशचा तो राज्यमासा आहे. त्याला अंडी घालायला वाहतं, खडकाळ, स्वच्छ पाणी लागतं, आणि धरणांनी नर्मदा साठत गेली तसा तो कमी होत गेला. मी लिहिलं, चुकून लागला तर सोडायचा, हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता, फोटो न काढता. पण तो लागावा म्हणून गळ टाकायचा नाही. झालेली चूक निस्तरायला सोडणं वेगळं आणि सोडता येतं म्हणून धरणं वेगळं. स्वित्झर्लंडचा नियमही इरादाच बघतो.

“मग यात फिशिंग ट्रिप कुठे राहिली?” असं एकानं विचारलं. पन्नास खोटी आमिषं त्यानंच मागवली होती. त्याचं म्हणणं चुकीचं नाही, त्याच्या मनातली ट्रिप यात खरंच राहिलेली नाही. शाकाहारी दोघं म्हणाले, आम्ही येतो, पण बोटीत बसणार नाही, काठावर थांबू. काकांना नवा बेत कळवला, तर त्यांनी तेल-मसाला तुम्हीच आणा म्हणून सांगितलं.

पन्नास आमिषंवाल्याचं अजून नक्की नाही. गाडीत सध्या एक जागा रिकामी आहे.