पाच हजारांची ओळ

नांदेडच्या नव्या मोंढ्याजवळ बियाणं-खताची एक वितरक पेढी आहे. तिच्या हिशोबाचा प्रोग्राम मी लिहिलेला. मी लातूरचा. काही बिघडलं की सकाळची एसटी धरायची आणि अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचं. २०२० च्या दिवाळीआधी असंच मला बोलावून घेतलं. बिघडलं काहीच नव्हतं, हीच अडचण होती.

पेढीचे सहा सेल्समन. प्रत्येकाची लाइन ठरलेली, विक्रीवर एक टक्का कमिशन. हंगाम संपल्यावर मालकांनी खुशीत ठरवलं, की १ जूनपासूनचा दर सव्वा टक्का धरायचा. ऑफिसातल्या मुलानं बटण दाबलं, सगळ्यांचं कमिशन पुन्हा मोजलं गेलं. फरकाचे कुणाला आठ हजार मिळाले, कुणाला दहा. देगलूर लाइनच्या माणसाला अडीचशे रुपये.

त्याची विक्री एकवीस लाखांची. एक टक्क्यानं एकवीस हजार झाले होते, त्यावर जुलैत मुनीमजींनी हातानं पाच हजार घातले होते. सव्वा टक्क्यानं सव्वीस हजार अडीचशे. प्रोग्रामनं हाताची भर पुसली, आधी दिलेले सव्वीस हजार वजा केले आणि उरले ते दाखवले. गणितात एका पैशाची चूक नाही.

"तुझं मशीन बेइमान हाय," मुनीमजी म्हणाले. वय सत्तरीचं. नांदेडात चाळीस वर्षं काढली तरी बोली लातूरचीच.

मी मुखेड लाइनचं पान उघडून त्यांच्यापुढं सरकवलं. त्या माणसाची तीन बिलं, तीन लाख साठ हजारांची, चुकून काउंटर विक्रीत पडली होती. म्हणून मुनीमजींनी त्याला ३,६०० हातानं दिले होते. नंतर मुलानं ती बिलं त्याच्या नावावर आणली. आता विक्री ४२,२०,०००, सव्वा टक्क्यानं ५२,७५० झाले. हाताची भर तशीच ठेवली असती तर ५६,३५०, म्हणजे त्याच बिलांचे पैसे दोनदा.

"मग? इथं मशीननं पुसलं ते बरं झालं की नाही?"

"बरं झालं. ते पुसायचं अन हे ठेवायचं. एवढं बी कळंना का त्याला?"

"कशानं कळणार? एकापुढं ३,६००, दुसऱ्यापुढं ५,०००. नुसते आकडे. कारण कुठं लिहिलंय?"

"कारण माझ्या डोक्यात हाय."

"डोक्याचा बॅकअप घेता येत नाही, मुनीमजी."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. त्यांनी ते ऐकलंसुद्धा नसावं. व्हाउचरला टाचणी लावता लावता म्हणाले, "कारण लिहायचं नव्हतं, म्हणून तर हातानं लिहिलं."

आमची गाडी इथं अडली ती दुपारच्या चहापर्यंत.

ते कारण मुनीमजींनी शेवटी तोंडी सांगितलं. २०२० चा खरीप मराठवाड्यातला कोणताही सोयाबीनवाला विसरलेला नाही. पेरलं ते उगवलं नाही, अशा तक्रारी गावोगाव झाल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. कंपन्या म्हणत, पेरणी खोल झाली, पुरेसा पाऊस होण्याआधीच पेरलं. शेतकरी म्हणत, बियाणंच मेलेलं. सोयाबीनची उगवण शेकडा सत्तर तरी हवी, असा दंडक आहे. ती पाहायची घरगुती रीतही सोपी: ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि कोंब मोजायचे. देगलूर लाइनच्या त्या माणसानं एका लॉटचे दाणे घरी असे ठेवून पाहिले. किती उगवले ते मुनीमजींनी मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानोदुकानी जाऊन सांगू लागला, हा लॉट विकू नका. ज्यांनी आधीच पेरलं होतं त्यांच्या बांधावर जाऊन शिव्या खाल्ल्या. आठ दिवस एका पिशवीची विक्री नाही. मालकांनी मुनीमजींना बोलावून सांगितलं, "त्याला पाच हजार घाला. लिहू नका काही."

"म्हणजे लॉट खराब आहे हे पेढीला माहीत होतं," मी म्हणालो.

त्यांनी दुसरं व्हाउचर घेतलं.

"तालुक्याच्या समितीकडं तक्रारी गेल्या होत्या. वहीत कारण लिहिलं असतं तर तो पुरावा झाला असता. मुनीमजी, हे पाच हजार त्या माणसाच्या इमानाचे, की पेढीनं गप्प राहण्याचे?"

"दोन्हीचे."

"मग फोड करा ना."

"तुला समद्याची फोड पाहिजे. बग, फोड केली तर काय होतं. बक्षीस म्हणून लिहिलं, तर बाकीचे पाच जण इचारतील, आमाला का नाई? नुकसानभरपाई लिहिलं, तर त्यो दरसाल मागंल. गप बसायचे म्हणून लिहिलं, तर त्यो घ्यायचाच नाई. काई लिहिलं नाई, म्हणून त्येनं घेतले."

मी म्हणालो, याच आडोशानं चोरीही होते. कारण न लिहिता घातलेल्या आकड्यात दया आणि लबाडी शेजारी शेजारी बसतात, बाहेरून सारख्याच दिसतात. उद्या एखादा मुनीम स्वतःच्या भाच्याला असेच पाच हजार घालील.

"घालील की. अन तू कारणाचा रकाना केलास तर त्यात कारण बी चांगलं लिहील. लबाड माणसाला कारणाचा कधी तोटा पडलाय का? तोटा पडतो भल्या माणसाला."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही धड नाही. माझा सगळा धंदा एका समजुतीवर उभा आहे: उद्या ही वही कुणीतरी परका उघडणार आणि त्याला सगळं कळलं पाहिजे. मुनीमजींच्या लेखी वही उघडणारा घरचाच. हे मला लोह्याच्या पुढं, परतीच्या एसटीत सुचलं. पेढीत बसलो असताना मी आपला रकान्यांबद्दलच भांडत होतो.

चहा आला आणि मुनीमजींनी विषयच बदलला. निदान मला तसं वाटलं. "तुला हाली शिक्का ठावं हाय का?"

निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. सात हालीचे सहा कलदार. पोलिस ॲक्शननंतर १९५० च्या दशकात हाली चलनातून गेला आणि अवघ्या मराठवाड्यातल्या वह्यांमधल्या बाक्या नव्या रुपयात फिरवाव्या लागल्या. मुनीमजींचे वडील तेव्हा लातुरात, गंजगोलाईतल्या एका दुकानात मुनीम. त्यांनी सगळी खाती सहा सप्तमांशानं फिरवली. एका विधवा बाईची ठेव होती सातशे हाली, तिचे झाले सहाशे. शेठ म्हणाले, तिला मी सातशे देईन म्हणालो होतो, सातशेच राहू द्या.

"वडलांनी सातशे लिहिले नाईत. सहाशे लिहिले, अन खाली येगळी ओळ, शंभर जमा. दरसाल नव्या चोपडीत बाकी ओढताना दोन्ही ओळी येगळ्या ओढायचे. कदी मिळवल्या नाईत. व्याज सहाशेवर."

"शंभरावर का नाही?"

"सहाशे हिशोबाचे. शंभर शब्दाचे. शब्दाला टक्केवारी नसती."

मी पेन खाली ठेवलं. तिसरा एक प्रश्न मी सकाळपासून टाळत होतो: दर सव्वापट झाला, तर हाताचे पाच हजारही सव्वापट करून सव्वासहा हजार धरायचे का? काही प्रोग्राम तसं करतात. त्याचं उत्तर त्या शंभराच्या ओळीत होतं. मोजलेल्या रकमेच्या पोटात हाताची रक्कम घालायचीच नाही. ती शेजारी ठेवायची, दर कितीही बदलो, तिला हात लावायचा नाही. ती पुसायची की ठेवायची, हे फक्त माणसाला विचारायचं.

पण मी सहज सोडणार नव्हतो. "शेठ गेल्यावर काय झालं?"

"पोरानं इचारलं, हे शंभर कसले. वडील म्हणाले, मला ठावं हाय. ऱ्हाऊ दिले त्येनं."

"आणि तुमचे वडील गेल्यावर?"

"तवर बाईच ऱ्हायली नव्हती."

म्हणजे नशीब. नशिबाच्या भरवशावर मला प्रोग्राम लिहिता येत नाही, असं मी म्हणालो. ते हसले. देगलूरवाल्याचे पाच हजार त्याच संध्याकाळी रोख व्हाउचरनं परत गेले.

वही उघडणाऱ्या परक्याला सगळं कळलं पाहिजे, या दिशेनं पुढं कायद्यानंही पाऊल टाकलं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. ही पेढी भागीदारीतली, तिला ते लागू नाही. पण त्या नोंदीत सुद्धा कोणी, कधी, कशाचं काय केलं एवढंच राहतं. का केलं, हे ती विचारत नाही. मी माझ्या प्रोग्रामात ते त्या भेटीनंतरच विचारलं होतं. हाताची भर वेगळ्या ओळीत, तिचे दोन प्रकार: 'हिशोबाची चूक' आणि 'मालकांचा शब्द'. पहिली असेल तर पुन्हा मोजताना प्रोग्राम थांबतो, मूळ चूक दुरुस्त झाली का विचारतो. दुसरीला शिवत नाही. आणि दोन्हींना कारणाचा रकाना सक्तीचा. मुनीमजींचं सगळं ऐकूनही सक्तीचा केला.

पुढच्या दिवाळीत ते पान पाहिलं. वर्षभरात हातानं घातलेल्या एकोणीस ओळी. अठरांपुढं कारण नीट लिहिलेलं: बिल राहिलं, माल परत आला, दर चुकला. एकोणिसावी ओळ मालकांच्या शब्दाची, दोन हजारांची. तिच्यापुढं कारणाच्या रकान्यात मुनीमजींनी एक टिंब टाकलं होतं. रकाना रिकामा ठेवला तर प्रोग्राम पुढं जाऊ देत नव्हता.