जमा आणि नावे

माणसाला एखादा छंद असावा, असं म्हणतात. म्हणणाऱ्याला बहुधा शेजारी नसावेत. मला हौशी रेडिओचा छंद आहे. परीक्षा देऊन, रीतसर सरकारी परवाना काढून मी घरबसल्या परमुलखाशी बोलतो. घरातल्यांशी बोलायला परवाना लागत नाही. पण तिथे ऐकणारा मिळत नाही.

तशी आमच्या पंचक्रोशीला ही हवा जुनीच. १९२७ साली शेजारच्या खडकीहून थेट विलायतेला बिनतारी संदेश जाऊ लागले होते. मी संत तुकाराम नगरातल्या आमच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर एक बांबू बांधला आणि त्यावरून तांब्याची १० मीटर तार खाली सोडली. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ही अँटेना. निम्म्या सोसायटीला ती वीजचोरी वाटली, उरलेल्यांना कपडे वाळत घालायची दोरी.

पण खरी गोम जमिनीत आहे. तारेत जितका प्रवाह चढतो, तितक्याचा हिशेब जमिनीला पुरा करावा लागतो. आम्ही बँकवाले याला दुहेरी नोंद म्हणतो. जमा आहे तिथे नावे आहेच! मात्र माती वीज वाहण्याच्या कामी मुलखाची आळशी. नुसत्या तिच्यावर भिस्त ठेवली, तर निम्मी शक्ती गांडुळांना ऊब देण्यात जाते. म्हणून अँटेनेच्या बुंध्यापासून चहूकडे, चाकाच्या आऱ्यांसारख्या, तारा पुरायच्या. मोठ्या प्रक्षेपण केंद्रांच्या मनोऱ्याखाली अशा शे-सव्वाशे तारा असतात. मी सोळांवर भागवलं.

अडचण एकच. त्यांतल्या सहा तारा तळमजल्यावरच्या आजींच्या अळूच्या वाफ्यातून जात होत्या. आजी लेकीकडे गेलेल्या. विचारायला माणूस नाही, म्हणजे नकारही नाही, असा हिशेब मी केला. रविवारी पहाटे चर पाडून तारा पुरल्या आणि त्याच आठवड्यात जपानमधल्या एका गृहस्थांशी मोर्सच्या कटकटाटात नमस्कार-चमत्कार झाले. मी पेढे वाटले. वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर उतरून आजी घरी आल्या, तेव्हा त्यांनाही पेढा दिला. तारांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

महिन्याभराने माझी हाक पूर्वीसारखी लांब पोचेना. खाली जाऊन बघतो तो आजी खुरपं घेऊन बसलेल्या आणि शेजारी माझ्या तारांचे तुकडे नीट गुंडाळून ठेवलेले.

"आजी, अहो हे काय केलंत!"

"तुझ्या आहेत होय रे? मला वाटलं, कुणा चोरट्याने पुरून ठेवल्यात."

त्या रात्री झोप लागली नाही. वाचकहो, आजींचं नुकसान काय झालं होतं? काही नाही. अळू जोमानं वाढत होता. मग चूक कुठे झाली? पण खातेदाराचे पैसे सकाळी गुपचूप काढून संध्याकाळी परत ठेवले, तरी आमच्याकडे त्याला अफरातफरच म्हणतात. नुकसान हा मुद्दाच नाही. न विचारणं हा आहे. वरची तार सगळ्यांना दिसते, म्हणून पेढे तिच्या नावाचे. जिच्या आधारावर ती जपानला पोचली, त्या जमिनीच्या खात्यावर मी एक ओळही लिहिली नव्हती.

सकाळी जाऊन सगळं सांगितलं आणि परवानगी मागितली. हा परवाना सरकारी परीक्षेपेक्षा अवघड गेला.

"पूर बापडा," आजी म्हणाल्या. "पण त्या जपानवाल्याला विचार, तिकडे अळू करतात का?"

विचारलं. करतात म्हणे, आणि कंद आवडीनं खातात.

"आणि पानांचं काय करतात?" आजींचा पुढचा प्रश्न तयार होता. परवाना टिकवायचा तर तोही विचारणं आलंच.