फेलसेफ, पण कोणासाठी?

माझे बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले. मी सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या घरात काही शब्द दोन अर्थांनी वावरतात आणि दोघांनाही वाटतं की आपण एकच बोलतोय.

मागच्या वर्षी आमची टीम एका हॉस्पिटलसाठी पेशंटचा ऑक्सिजन, नाडी वगैरे दाखवणारी स्क्रीन बनवत होती. नेटवर्क गेलं की स्क्रीन कोरी व्हायची आणि तक्रारी यायच्या. म्हणून मी एक फंक्शन लिहिलं: नवं रीडिंग आलं नाही, तर शेवटचं दाखवत राहा. नाव दिलं 'फेलसेफ'. कोड रिव्ह्यूमध्ये कुणीच हरकत घेतली नाही. ट्रायलच्या दिवशी एका सिस्टरने विचारलं, "हा ९७ मघापासून हललाच नाहीये, असं कसं?" वायर निघाली होती. नशीब, बोटाला क्लिप लावून बेडवर आमचाच एक सहकारी पडला होता.

घरी हे सांगितलं, तर बाबा हसले नाहीत. "याला फेलसेफ कोण म्हणतं?" मग त्यांनी ट्रॅक सर्किट समजावलं. रुळांतून बारीकसा करंट वाहतो आणि एका रिलेला उचलून धरतो. गाडी आली की तिच्या चाकांतून करंट परस्पर जातो, रिले पडतो, सिग्नल लाल. वायर तुटली किंवा बॅटरी उतरली तरी रिले पडतोच. "हिरव्यासाठी पुरावा लागतो. लालसाठी नाही," बाबा म्हणाले.

मी वाद घातला. विमानाचं इंजिन हवेत बंद करणं कुठे सेफ आहे? तिथे चालत राहणं हेच सेफ. "बरोबर," ते म्हणाले, "पण बिघाड झाल्यावर कोणाला वाचवायचं, हे आधी ठरवावं लागतं ना? तू कोणाला वाचवलंस?"

खरं उत्तर होतं: स्क्रीनला. आणि तक्रारींपासून स्वतःला.

थेरॅक-२५ या रेडिएशन मशीनची गोष्ट कॉलेजात परीक्षेपुरती वाचली होती. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीचा डोस अडवायला हार्डवेअरचे इंटरलॉक होते. नव्यात ते काम सॉफ्टवेअरवर सोडलं. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा पेशंटना प्रमाणाबाहेर रेडिएशन मिळालं, काही दगावले. स्क्रीनवर 'मालफंक्शन ५४' असं काहीतरी यायचं आणि एक बटण दाबून पुढे जाता यायचं. सुरक्षेचे शब्द तेच राहिले, पण त्यांच्यामागचं लोखंड गेलं.

लोड, टॉलरन्स, आर्किटेक्चर, हे शब्द आम्ही दुसऱ्या शाखांकडून उचलले. त्यात गैर काही नाही. पण 'फेलसेफ'सारखा शब्द म्हणजे आश्वासन असतं. समोरचा त्यावर विसंबतो. शब्द घ्यायचा आणि त्याची जबाबदारी मागे ठेवायची, याला मी आता निष्काळजीपणा नाही, खोटं बोलणं म्हणते.

आता रीडिंग थांबलं की आकडा जातो, लाल पट्टी येते आणि बीप वाजतो. तक्रारी परत सुरू झाल्यात. मी ते फंक्शन बदललं, पण त्याचं नाव तेच ठेवलं.