प्रश्न कुणाच्या कानावर घालायचा?

आजोबांकडे सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’ची जुनी प्रत होती. मला शिकवताना ते आरंभीच्याच पानावर दिवसचे दिवस रेंगाळायचे. शास्त्रग्रंथाने सुरुवातीलाच चार गोष्टी सांगायच्या असतात: ग्रंथ कुणासाठी, विषय कोणता, ग्रंथाचं आणि विषयाचं नातं काय आणि वाचून मिळणार काय. अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. शाळकरी वयात मला हे नमनालाच घडाभर तेल वाटायचं.

गेली नऊ वर्षं मी एका मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायात चर्चेच्या मेलिंग लिस्ट सांभाळते. वापरणाऱ्यांची एक, कोड लिहिणाऱ्यांची एक, भाषांतराची एक. नव्या लिस्टच्या माथ्यावर चार ओळी लिहायला बसले की आजोबांचं ते पान आठवतं, कारण लिहायचं तेच असतं. हात थबकतो तो पहिल्या शब्दाशी. अधिकारी.

या शब्दाने आपल्याकडे किती जणांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, हे मला विसरता येत नाही. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तो त्या बाहेरच्यांपर्यंत पोचला. मुक्त सॉफ्टवेअरकडे मी ओढले गेले तेही दार उघडं दिसलं म्हणूनच. इथे कुणी पदवी विचारत नाही. मग ‘हे इथे विचारू नका’ असं म्हणणारी मी कोण?

पण नुसतं उघडं दार पुरतं का? २००६ साली डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीच्या एका देखभालकर्त्याला ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या कोडमधल्या दोन ओळी खटकल्या. मेमरी तपासणारं साधन सारखं त्यांच्याकडे बोट दाखवत होतं. त्याने लपवाछपवी केली नाही. ओपनएसएसएल प्रकल्पाच्या खुल्या लिस्टवर विचारलं, काढल्या तर चालेल का? चूक शोधायला मदत होत असेल तर काढा, असं उत्तरही आलं. ओळी गेल्या. त्यातली एक गुप्त किल्ल्यांना अनिश्चितता पुरवत होती. मागे उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीच्या जेमतेम ३२,७६८ शक्यता. १३ मे २००८ला ही गोष्ट जाहीर झाली. मी तेव्हा नोकरीत नवी होते; आम्ही चौघांनी रात्रभर बसून सर्व्हरच्या किल्ल्या नव्याने बनवल्या. नंतर प्रकल्पाच्या बाजूने सांगण्यात आलं, की निर्णय घेणाऱ्यांना गाठायची ती जागाच नव्हती.

त्या माणसाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्याने चारचौघांत विचारलं होतं. आणखी काय करायचं होतं त्याने?

दोन वर्षांपूर्वी माझ्याच अंगणात तसंच घडलं. एका विद्यार्थिनीने लिहिलं, की पीडीएफ केली की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र! तिने दोन्ही शब्दांची चित्रं जोडली होती. लिहिलं मात्र वापरणाऱ्यांच्या लिस्टवर. फाँट बदलून बघा, असं सहा जणांनी मायेने सांगितलं. ज्यांना कोड दुरुस्त करता आला असता त्यांच्यातलं तिथे कुणीच नव्हतं. मी ते पत्र वाचलं होतं आणि पुढे गेले होते. चार महिन्यांनी ते पुन्हा हाती लागलं आणि मी ते कोड लिहिणाऱ्यांकडे नेलं, पण तोवर तिने लिहिणं सोडलं होतं.

तेव्हापासून मला वाटतं, अधिकार हा शब्द आपण विचारणाऱ्याला लावला, तिथेच चुकलो. विचारायला पात्रता कशाला हवी? तहान पुरे. पात्रता हवी ती ऐकणाऱ्याला: योग्य कानापर्यंत प्रश्न नेऊन पोचवण्याची. श्रवणाला नवविधा भक्तीत पहिलं स्थान आहे. मी ते आजवर शिष्याचंच काम समजत होते.

आता प्रत्येक लिस्टच्या माथ्यावर पहिल्या ओळीत आठवड्याच्या पाळीने दोन नावं असतात. चुकीच्या जागी आलेलं पत्र त्यांनी हाताला धरून पुढे न्यायचं, आणि कुठे नेलं ते लिहिणाऱ्याला कळवायचं. विद्यार्थिनीला मी दुरुस्तीची बातमी कळवली. उत्तर आलेलं नाही. या आठवड्यात पाळी माझी आहे.